बूट दीड वर्षं खोक्यात होते

धावायचे बूट मी हौसेने घेतले आणि दीड वर्ष खोक्यातून बाहेर काढले नाहीत. कपाट उघडलं की खोकं दिसायचं, खोकं दिसलं की मी कपाट लावून टाकायचे. शेवटी त्याच्यावर जुन्या चादरी रचल्या. चादरी काही विचारत नाहीत.

परवा एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "तू सलग पाच किलोमीटर धावतेस? तू? एवढा कॉन्फिडन्स आणलास कुठून?" त्या दुसऱ्या 'तू?'चा राग आला नाही, कारण गेली वीसेक वर्षं मीच मला तो विचारत आलेय. पण कॉन्फिडन्सचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

तर, आणला नाही. नव्हताच. अजूनही बेताचाच आहे.

मी हिशेब तपासायचं काम करते. आमच्याकडे साधा नियम आहे: व्हाउचर नाही तर एंट्री नाही. समोरचा कितीही शपथेवर सांगू दे, कागद दाखव. आता माझं व्यायामाचं खातं बघा. शाळेत पीटीच्या तासाला 'पोटात दुखतंय' हे माझं ठरलेलं वाक्य. पुढे जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस गेले. उड्या मारायची दोरी आणली, ती आता बॅग बांधायला वापरतो. घरच्या घरी व्यायामाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ एकदा शेवटपर्यंत पाहिला, सोफ्यावर बसून. या नोंदी समोर ठेवल्यावर कुठलाही तपासनीस काय शेरा मारेल? माझ्या मनाने तोच मारला होता: हिला जमणार नाही. याला मी न्यूनगंड म्हणायचे. आता वाटतं, मागची बाकी पुढे ओढली जात होती, एवढंच. शंका खोटी नव्हती, तिच्याकडचे कागद जुने होते.

म्हणूनच 'स्वतःवर विश्वास ठेवा' छापाच्या भाषणांशी माझं कधी जमलं नाही. आरशासमोर उभी राहून 'मी करू शकते' म्हणून पाहिलंय. आतून लगेच विचारणा होते, "व्हाउचर?"

पुढे कळलं की हे मला एकटीलाच होत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ सालीच यावर लिहून ठेवलंय. 'हे मला जमेल' हा भरवसा त्याच्या मते चार ठिकाणांहून येतो: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि आपल्या शरीराच्या खाणाखुणांचा आपण लावलेला अर्थ. चारांत सगळ्यात भक्कम पहिलं. भाषणं आणि रील्स तिसऱ्यात मोडतात. आपण तिसरं पोटभर घेतो आणि पहिलं आपोआप येईल म्हणून वाट बघतो. मी तर अख्खी तिशी वाट पाहिली.

सुरुवात कशाने झाली हे सांगायचीही लाज वाटते, इतकं ते फुटकळ आहे. लिफ्ट बंद, चौथा मजला, फोनवर ऑफिसातला नवा मुलगा. तिसऱ्या मजल्याच्या आसपास तो गप्प झाला आणि मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही रडताय का? मी नंतर फोन करू?" मी म्हटलं, "नाही, बोल." एवढे दोन शब्दही मधे श्वास घेऊन. त्या रात्री चादरी काढल्या.

धरला तो कार्यक्रम जुनाच आहे. 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत, जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये आखलेला. आठवड्यातून तीन दिवस, नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात आधी पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. साठ सेकंद! वाचून हसू आलं होतं. दात घासायलाही जास्त वेळ लागतो.

पहिला दिवस. पहाटे साडेपाच, अंधार, कारण अंधारात कोणी बघत नाही. मोबाइलने टिंग केलं आणि मी सुटले. शाळेत शर्यतीची शिट्टी वाजल्यावर पोरं सुटतात तशी. विसाव्या सेकंदाला घशाला कोरड. तिसाव्याला कानात ठोके. पस्तिसाव्याला खात्री पटली की हे हृदयाचंच काहीतरी आहे आणि आता उजाडल्यावरच मी कोणाला तरी सापडेन. चाळिसाव्याला थांबले, गुडघ्यांवर हात टेकून. उजव्या बुटाची लेस सुटली होती. ती बांधायला खाली बसले आणि बांधून झाली तरी बसूनच राहिले. नव्या बुटांना रबराचा वास येत होता. डोक्यात एकच वाक्य: सांगितलं होतं ना?

घरी येऊन वहीत चक्क खोटं लिहिणार होते. पण धंदा आड आला. लिहिलं, "४० सेकंद, एकदा. बाकी चालणे."

चूक काय झाली ते दोन दिवसांनी उमगलं. साठ सेकंद धावणं मला जमत नव्हतं असं नाही, तशा वेगाने जमत नव्हतं. नवखी माणसं हमखास इथेच फसतात, कारण धावणं म्हटलं की डोळ्यांपुढे शर्यत येते. कसोटी सोपी आहे: धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं की वेग कमी करायचा. पुढच्या खेपेला मी इतकी हळू धावले की शेजारून चालणाऱ्या एक बाई मला मागे टाकून गेल्या. लेक सोबत आली होती. म्हणाली, "आई, तू धावतेयस की धावायचा विचार करतेयस?" पण आठच्या आठ फेऱ्या झाल्या. वहीत आकडा लिहिताना हात थोडा थरथरत होता, दमल्यामुळे असेल.

बांडुराच्या चौथ्या मुद्द्याचा अर्थ मला इथे कळला. छातीतली धडधड दोन्ही दिवशी तीच होती. पहिल्या दिवशी मी तिचा अर्थ लावला 'संपलं सगळं', चौथ्या आठवड्यात लावला 'तापलं इंजिन'. (छातीत दुखणं, चक्कर येणं, आधीचा काही आजार असणं, ही गोष्ट वेगळी. तिथे आधी डॉक्टर, मग बूट. धडधड आणि दुखणं यांची गल्लत करू नका.)

आता लोक. 'लोक काय म्हणतील' याने माझी जितकी वर्षं खाल्ली तितकी आळसानेही नसतील खाल्ली. यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली छापून आलेला एक गमतीदार प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाच्या चित्राचा टी-शर्ट घालायला लावून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या. माझा स्वतःचा पुरावा याहून जोरदार आहे. मैदानावर एक आजोबा रोज बाकावर बसलेले असतात. त्यांच्यासमोरून जाताना मी पोट आत ओढून घ्यायचे, श्वास पुरत नसताना! तीन महिन्यांनी एक दिवस ते म्हणाले, "नवीन दिसता. आजपासून सुरू केलंत का?"

पाचव्या आठवड्यात ताप आला, त्याला लागून कामाचा ढीग, नऊ दिवस गेले. माझ्या आजवरच्या सगळ्या प्रयत्नांची कबर नेमकी इथेच आहे. खाडा पडला की 'मोडलं', आणि मोडलं की 'जाऊ दे, आपलं हे असंच.' त्यात ते २१ दिवसांचं प्रकरण. सलग २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात, म्हणजे विसाव्या दिवशी चुकलात तर पुन्हा एकपासून. हा आकडा मूळचा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचा, १९६० सालचा. त्याचं निरीक्षण असं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे 'कमीत कमी' गळलं, चेहरा गळला, उरला आकडा. सवयी खरोखर मोजल्या त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी. ९६ स्वयंसेवक घेतले, २०१० साली निष्कर्ष छापून आले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

एक दिवस आणि नऊ दिवस यांत फरक असतो, एवढा हिशेब मला येतो. पण २५४ हा आकडा वाचून मला जो धीर आला तो कुठल्याही सुविचाराने आला नव्हता. मी दहाव्या दिवशी गेले आणि पाचव्याऐवजी पुन्हा चौथा आठवडा केला. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मला एकोणीस आठवडे पुरला. कोणी दंड केला नाही.

ताकदीच्या व्यायामाबद्दल थोडक्यात. जमिनीवर एकही पुशअप येत नव्हता, म्हणून भिंतीला हात टेकून सुरू केले, मग टेबलाला, आता जमिनीवर चार येतात, पाचवा अर्धा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू फुगल्यामुळे नव्हे, आहेत तेच स्नायू मज्जासंस्था जास्त चांगले कामाला लावते म्हणून. 'आता या वयात काय' म्हणणाऱ्यांसाठी १९९० चा एक अभ्यास सांगून ठेवते. नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माझं वय ४४.

आता ज्याची सगळ्यांना उत्सुकता असते ते. चौदा महिन्यांत माझं वजन चार किलो कमी झालंय. फक्त चार. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो शेजारी लावले तर कुठला कुठचा हे सांगावं लागेल. त्या फोटोंवर माझा मुळात राग आहे. उजेड बदलला, खांदे मागे घेतले, श्वास रोखला की पाच मिनिटांत 'ट्रान्सफॉर्मेशन' होतं. काट्याचंही तेच. शरीरातल्या पाण्यानेच वजन दिवसभरात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, आणि त्या पाण्यावर मी वर्षानुवर्षं माझा दिवस चांगला की वाईट ते ठरवत होते. काटा आता पलंगाखाली आहे. बदललं ते एवढं की चौथ्या मजल्यावर फोन चालू ठेवून पोचते आणि रात्री आडवी झाले की झोप लागते.

अजून एका गोष्टीवर बोलायचंय, मग थांबते. 'कारणं देऊ नका' म्हणणारी मंडळी. ज्या बाईच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ज्याला दोन पाळ्या कराव्या लागतात, ज्याचं मन महिनोन्महिने उठूच देत नाही, त्याला 'कारणं देऊ नका' म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. ती कारणं नव्हेत, परिस्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे तीन मिनिटांचा जिनाही जमेस धरायचा. माझी सुरुवात चाळीस सेकंदांची होती, त्यामुळे मला तर हा नियम घरचाच वाटतो.

आणि शंका? ती रोज पहाटे माझ्याआधी उठते. 'आज नाही जमणार' म्हणते. मी वाद घालत नाही, लेस बांधते. मात्र तिचं खातं एकच नव्हतं, हे मधल्या काळात लक्षात आलं. गाडी चालवायचं लायसन्स माझ्या पर्समध्ये बारा वर्षं पडून होतं, बुटांसारखंच. नवऱ्याने दोनदा शिकवायचा प्रयत्न केला होता, दोन्हीदा घरी येताना आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. या वेळी मी त्याला म्हटलं, "तू बाजूला बसायचं, बोलायचं नाही. आज फक्त गेटपर्यंत." गेटपर्यंत म्हणजे साठ मीटर असेल. आठवडाभर फक्त गेटपर्यंत. पुढच्या आठवड्यात गेटच्या बाहेर एक वळण.

काल पार्किंगमध्ये पहिल्यांदा रिव्हर्स घेतली. नवरा वरून खिडकीतून बघत होता, ठरल्याप्रमाणे तोंड मिटून. लेक मागे उभी राहून हात हलवत होती, "ये, ये, ये, अजून ये... आई, बास!" उतरून पाहिलं तर खांब वीतभर अंतरावर. वर आले आणि धावण्याच्या वहीतच, कालच्या किलोमीटरखाली, लिहून टाकलं: "रिव्हर्स, एकदा. खांब शाबूत."