गर्दीकडे पाठ करून उभा असलेला माणूस

मागच्या महिन्यात मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या, फ्रीवेखालच्या बेघरांच्या तंबूंचा फोटो टाकला. लांबूनच काढला होता. लगेच काकांचा रिप्लाय, "बघा, अमेरिकेत पण हेच आहे, हे कोणी दाखवत नाही." आणि २०२० च्या लॉकडाऊनमधे डोक्यावर बोचकी घेऊन मुंबईहून नाशिक हायवेने चालत निघालेल्या मजुरांचे फोटो मी पाठवले तेव्हा याच काकांनी मला झापलं होतं, तिकडे बसून देशाची बदनामी करू नकोस म्हणून. काकांवर माझा फार जीव आहे पण हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

इथून खाडी ओलांडली की सॅन फ्रान्सिस्को. १९३३ मधे, महामंदीच्या काळात, अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता. डोरोथिया लँग या फोटोग्राफरचा सॅन फ्रान्सिस्कोत पैसेवाल्या लोकांचे पोर्ट्रेट काढायचा स्टुडिओ होता, खिडकीतून खाली रिकामी फिरणारी माणसं दिसायची, शेवटी एक दिवस ती कॅमेरा घेऊन खाली उतरली आणि बंदराजवळ 'व्हाइट एंजल' म्हणून ओळखली जाणारी एक बाई गरिबांना फुकट जेवण द्यायची तिथल्या लायनीपाशी गेली. तिथे तिने काढलेल्या फोटोत सगळी गर्दी पलीकडे तोंड करून आहे, एकच माणूस अलीकडे वळून लाकडी कठड्यावर रेललाय. मळकी हॅट इतकी खाली की डोळे दिसतच नाहीत, दोन हातांच्या मधे पत्र्याचा डबा, आणि बोटं एकमेकांत घट्ट गुंतवलेली. मी तर दर वेळी त्या बोटांवरच अडकते.

यात कसली आली बदनामी? उलट १९३५ पासून सरकारनेच लँगला नोकरीवर घेतलं, गरिबी दाखवायला! आपल्या योजनांना लोकांचा पाठिंबा हवा होता हे खरंच, पण दाखवली. त्या सरकारी फोटो-प्रकल्पाचे लाखावर निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे आहेत, कोणीही बघावेत. आणि आपल्याकडे २०२० मधे ट्रम्प येणार म्हणून अहमदाबादला झोपडपट्टीपुढे भिंत बांधली.

पण 'गरिबीचा बाजार मांडतात' हा जो दुसरा आरोप आपल्याकडे होतो ना, तो मला खोडता येत नाही. १९३६ मधे लँगने कॅलिफोर्नियातल्याच निपोमोच्या मजूर कॅम्पात एका आईचा फोटो काढला, जगभर गेला तो, पेपरात आल्यावर कॅम्पला २०,००० पौंड अन्न पाठवलं गेलं, पण तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. लँगने तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स थॉम्पसन हे नाव कळायला १९७८ उजाडलं, आणि तेव्हा ती म्हणाली की माझा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही.

परवा त्या फ्रीवेखालून जाताना एका बाईने मला थांबवलं, तूच फोटो काढत होतीस ना, म्हणाली. मी फोन उघडून दाखवला. तिने झूम करून आपली निळी ताडपत्री शोधली, बाहेर वाळत घातलेले कपडे बघितले आणि म्हणाली, काढून टाक. माझ्या फोनमधला तिच्यासमोरच डिलीट केला. ग्रुपवरचा आता सगळ्यांसाठी डिलीट होत नाही, आणि काकांनी तर तो त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवरही टाकलाय.