गाळ काढलात, पण बांध पाहिलात का?

मुरबाड-शहापूरकडच्या मित्रांनो, मे महिना आला की गावच्या मातीच्या धरणात जेसीबी उतरतो, गाळ निघतो, फोटो निघतात. गाळ काढायला विरोध नाही. पण तेवढ्यालाच देखभाल म्हणणं चूक आहे. पाण्याकडच्या पायथ्याशी साचलेली चिकणमाती पाझर अडवत असते. पायथ्यालगत खणू नका, आणि गाळाखाली मुरूम लागला की थांबा.

खरी पाहणी करायची ती बांधाच्या कोरड्या बाजूची, म्हणजे पाण्याच्या पलीकडच्या उताराची, आणि तीसुद्धा भातकापणीच्या सुमारास, धरण भरलेलं असताना. रिकाम्या धरणाचा पाझर दिसणार कसा?

मातीच्या बांधातून थोडं स्वच्छ पाणी झिरपतंच, त्याला घाबरू नका. पायथ्याच्या चरात दहा लिटरची बादली लावा, किती सेकंदांत भरते ते दर आठवड्याला वहीत लिहा, शेजारी धरणाची पातळी लिहा. पातळी तीच, पाऊस नाही, तरी बादली लवकर भरू लागली किंवा पाणी गढूळ आलं, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली असण्याचा धोका आहे. अशा वेळी चिखल थापून भोक बुजवणं सगळ्यात घातक. पाणी आत कोंडतं आणि दुसरीकडून फुटतं. पाणी निघतं त्या जागेवर आधी जाडी वाळू, मग बारीक खडी, मग दगड घाला, प्रत्येक थर निदान वीतभर. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा आणि विमोचकातून, म्हणजे धरणातलं पाणी सोडायच्या गेटमधून, पातळी हळूहळू उतरवा. एकदम उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार पिचिंगसकट (वरच्या दगडी अस्तरासकट) घसरतो.

बांधावर गवत हवं, झाड नको. रोप लहान असतानाच मुळासकट उपटा. मोठं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. धरण रिकामं असताना खोड-मुळं खणून काढा, खड्डा तशाच मातीनं भरा, वीतभरापेक्षा जाड थर न घालता प्रत्येक थर ओला करून धुमसा. घुशी-खेकड्यांच्या बिळांनाही हेच.

सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेवर, रचलेली वाळूची पोती पाहिली की जीव घाबरा होतो. भेंडीला दोन पाणी जास्त मिळावं म्हणून लोक ती रचतात, गरज खरी आहे. पण सांडवा फूटभर उंचावला की पूर आणि माथा यांच्यातलं अंतर फूटभर कमी होतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की ते कोरडा उतार कापत जातं आणि बांध काही तासांत वाहून जातो. पावसाळ्याआधी पोती काढलीच पाहिजेत. माथ्याचा खचलेला भाग तेव्हाच भरा, विमोचकाचं गेट पूर्ण उघडझाप करून बघा, त्याच्या स्क्रूला ग्रीस लावा.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर चर्चा झाली ती खेकड्यांनी बांध पोखरल्याची! बिळं पडतातच, ती वेळेवर शोधून बुजवणं हीच तर देखभाल.

यंदा ग्रामसभेत गाळाचा ठराव आला की त्याच ठरावात पाझराची वही, झुडपांची सफाई आणि सांडवा मोकळा करणं लिहून घ्या, आणि प्रत्येकासमोर माणसाचं नाव घाला.