घोडे कुठे पेंड खाते, हे कधीही पाहू नये

स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला, तेव्हाच्या मध्यम प्रतीच्या संगणकावरही तो निमूटपणे चालत असे. आज आपल्याकडे त्याहून कितीतरी पटींनी समर्थ यंत्र आहे आणि गेम मात्र गावाच्या वेशीपाशी पोचताच अडखळतो. मधल्या काळात काय घडले, असा प्रश्न मनात आला तर तो तेथेच दाबून टाकावा. आपण झाडे बदलली, गवत दाट केले, पावसाला नवे थेंब आणि नद्यांना नवे पाणी दिले, प्रत्येक गावकऱ्याला नवा चेहरा, नवा पोशाख आणि स्वतःची दिनचर्या दिली आणि हे सगळे करणारे चारशे मॉड, म्हणजे हौशी लोकांनी केलेले गेममधले फेरफार, एका रात्रीत उतरवून घेतले. पण त्याचा या अडखळण्याशी काही संबंध असेल अशी शंका घेणे हा आपल्याच रसिकतेचा अपमान आहे. दोष यंत्राचा आहे आणि यंत्र नवे घ्यायचे आहे. ते कसे घ्यावे याविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण यातले बहुतेक सगळे प्रयोग मी आधी स्वतःवर करून पाहिले आहेत.

पहिला नियम असा, की घोडे कुठे पेंड खाते ते खरेदीपूर्वी मुळीच पाहू नये. ते पाहणे दुर्दैवाने फार सोपे आहे. गेममधल्या सर्वांत जड जागी उभे राहावे, रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचे प्रमाण, निम्मे करावे आणि फ्रेमची, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, संख्या बघावी. ती वाढली तर ग्राफिक्स कार्ड थकले आहे; जशीच्या तशी राहिली तर कार्ड हातावर हात ठेवून प्रोसेसरची वाट पाहत आहे. पाच मिनिटांचे काम आणि त्याला दमडीही लागत नाही, म्हणूनच त्यातून निघालेल्या उत्तरावर कोणा प्रतिष्ठित माणसाने विश्वास ठेवू नये. शिवाय उत्तर कळले की सहा भागांऐवजी एकच भाग घ्यावा लागतो, आणि एकाच खोक्याचे छायाचित्र मित्रांना काय म्हणून पाठवावे?

प्रोसेसर घेताना कोअर, म्हणजे त्याच्या आतले स्वतंत्र मेंदू, मोजावेत आणि ज्याच्याकडे ते सर्वांत जास्त तो उचलावा. चौकात दिसणारे प्रत्येक पिंप, प्रत्येक कंदील आणि प्रत्येक टोपली काढण्याची आज्ञा प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाकडे धाडावी लागते. या आज्ञांना ड्रॉ कॉल म्हणतात, आणि या गेममध्ये त्या धाडण्याचे काम मुख्यतः एकाच थ्रेडच्या, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याच्या, गळ्यात पडते. उन्हाच्या सावल्या पार क्षितिजापर्यंत दिसाव्यात असे आपण ठरवले, की त्याच वस्तू सावलीसाठी पुन्हा एकदा काढाव्या लागतात आणि आज्ञांची रांग आणखी लांबते. एकूण देखावा असा असतो, की एक कारकून मान मोडून लिहितो आहे आणि उरलेले १५ जण खिडकीतून पाऊस बघत बसले आहेत. अशा वेळी आपण १६ कारकुनांचे २४ करावेत. कोण किती राबतो ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडलाच तर त्यात प्रोसेसरचा वापर पाच-सात टक्के दिसेल, कारण १६ कोअरच्या, दर कोअरला दोन अशा ३२ थ्रेडांपैकी एक काठोकाठ भरला तरी एकूण हिशेबात तो ३ टक्केच होतो. हा आकडा पाहून प्रोसेसर निर्दोष सुटल्याचे जाहीर करावे.

काही अरसिक लोक या ठिकाणी रायझन ७ ५८००एक्स३डी या २०२२ सालच्या प्रोसेसरचा दाखला देतात. त्याचे कोअर आठच, आणि घड्याळही (गिगाहर्ट्झमध्ये मोजतात ती चाल) ५८००एक्स या त्याच्या साध्या भावंडापेक्षा किंचित मंद. पण त्याच्या पोटात ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे हाताशी असलेली झटपट मेमरी, असल्याने इतस्ततः पसरलेल्या माहितीसाठी त्याला रॅमच्या दारात वारंवार जावे लागत नाही, आणि हजारो वस्तू सांभाळणाऱ्या गेममध्ये माहिती नेमकी तशीच पसरलेली असते. हा युक्तिवाद बरोबर असल्यामुळे फार त्रासदायक आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्या खोक्यावर छापलेला गिगाहर्ट्‌झचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.

मॉडबरोबर येणाऱ्या स्क्रिप्टांची, म्हणजे गेमने केव्हा काय करावे ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, तऱ्हा याहून मजेची आहे. गेम त्यांना दर फ्रेममागे १.२ मिलिसेकंद एवढाच वेळ देतो आणि तो आकडा सेटिंगच्या फाइलीत लिहिलेला असतो. क्षणाक्षणाला आसपासच्या प्रत्येकाची विचारपूस करणारे पन्नास मॉड बसवले, की त्या चिमूटभर वेळासाठी झुंबड उडते, आणि तलवारीच्या घावातला शाप शत्रूला अर्ध्या मिनिटाने लागतो. तोवर शत्रू मरून पडलेला असतो. यंत्र महागाचे असेल तर हा उशीर भारदस्त वाटतो.

ग्राफिक्स कार्डाचे मात्र नाव पाहावे, मेमरी पाहू नये. आरटीएक्स ३०७० हे ३०६० पेक्षा वरच्या पायरीवरचे कार्ड, यात वाद नाही. पण ३०७० वर ८ जीबी मेमरी आहे आणि २०२१ मध्ये आलेल्या मूळ ३०६० वर १२ जीबी, ही गोष्ट कोणी काढलीच तर विषय बदलावा. कारण मेमरी कोण खाते याचा हिशेब एकदा मांडायला घेतला की तो आपल्यावरच उलटतो. टेक्स्चर म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र; ४के टेक्स्चर ४०९६ बाय ४०९६, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख ठिपके. ते आजच्या चांगल्या पद्धतीने दाबून ठेवले तरी ठिपक्यामागे १ बाइट धरून १६ एमबी होते. लांबून पाहण्यासाठी त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती सोबत ठेवाव्या लागतात, त्या धरून सुमारे २१ एमबी. पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणारा नॉर्मल मॅप वेगळा, तोही बहुधा तेवढाच. २के टेक्स्चरला याच्या पाव जागा पुरते आणि ८केला चौपट लागते. उलट १९२० बाय १०८० च्या सबंध पडद्यावर ठिपके असतात सुमारे २१ लाख. म्हणजे सराईच्या कोपऱ्यातल्या एका पिंपाला आपण एका ४के टेक्स्चरने अख्ख्या पडद्याच्या आठपट तपशील बहाल केलेला असतो, आणि ते पिंप पडद्यावर अंगठ्याएवढे दिसते. या औदार्याला तोड नाही. पिंप ८के, पिंपाचे कडे ८के, शेजारचा लाकडी चमचा ८के. समोरचा डोंगर तेवढा मूळचाच राहिलेला असतो, कारण तो मॉड उतरवायचे राहून गेले.

कार्डाची मेमरी भरली म्हणून गेम लगेच बंद पडत नाही, हा त्याचा मोठेपणा. न मावलेला माल रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तसा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने मागवला जातो. ३०७० ला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माहिती मिळू शकते. चौथ्या पिढीच्या १६ पदरी वाटेवरून एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबी येऊ शकते, तीही सगळे सुरळीत असेल तर. हा फरक खेळताना असा जाणवतो, की फ्रेम दाखवणारा आकडा सरासरी ७० सांगतो आणि मान वळवली रे वळवली की पडद्याला अर्ध्या सेकंदाची समाधी लागते. ६० फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. समाधीची फ्रेम त्याच्या तीसपट वेळ घेते, पण सरासरीत ती विरघळून जाते. लोकांना नेहमी सरासरीच सांगावी.

रॅम ३२ जीबी घ्यावी, पण ती एकाच पट्टीत, म्हणजे पुढेमागे दुसरी घेता येईल. दोन पट्ट्या लावल्याने माहितीचा रस्ता दुपदरी होतो, हे ज्ञान तोवर राखून ठेवावे. पट्टीवर ६००० लिहिले असेल तर ती त्याच वेगाने चालते असे समजून बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या, वाटेला जाऊ नये. तेथे एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचा पर्याय चालू करेपर्यंत ती बहुधा ४८०० च्या चालीने चालत असते, पण मित्रांना पट्टी दिसते, चाल दिसत नाही. गेमची २०११ ची जुनी आवृत्ती सोडवत नसेल तर आणखीच उत्तम: ती ३२ बिटांची असल्याने ४ जीबीपलीकडच्या मेमरीला तिला हातच लावता येत नाही आणि उरलेली २८ जीबी बव्हंशी शोभेला राहते. ६४ बिटांची आवृत्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये आली, पण आपल्याला आवडणारा बैलांच्या शिंगांचा मॉड तिच्यासाठी कोणी केलेला नाही, आणि तत्त्वासाठी माणसाने काहीतरी सोसावेच.

रॅम बसवल्याच्या संध्याकाळी विंडोजची पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, बंद करून टाकावी, कारण श्रीमंताच्या घरी उसनवारीची वही कशाला? विंडोज कोणत्याही प्रोग्रामला मेमरीचे वचन देते तेव्हा त्यामागे रॅम किंवा पेजफाइल यांपैकी काहीतरी तारण असावे असा आग्रह धरते. मॉडांनी लादलेला गेम वचने भरमसाट घेतो आणि वापरतो त्याहून कमी. त्यामुळे तारण संपले, की बरीचशी रॅम रिकामी असतानाही तो एक अक्षर न बोलता आपल्याला डेस्कटॉपवर आणून सोडतो. याचा अर्थ रॅम कमी पडली असाच घ्यायचा असतो. मी तोच घेतला होता आणि आणखी पट्ट्या आणल्या होत्या.

ज्यांचे मन माइनक्राफ्ट या गेमच्या ठोकळ्यांत रमते त्यांना रॅमचा याहून थेट उपयोग करता येतो. जावा आवृत्तीच्या लाँचरमध्ये, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, गेमला किती मेमरी द्यायची तो आकडा आपल्या हाती असतो. तेथे असेल नसेल तेवढी सगळी देऊन मोकळे व्हावे. जावा ही भाषा नको झालेल्या वस्तूंचा केर अधूनमधून काढते, आणि घर जितके मोठे तितका केर साचू देते. मग एकदा झाडू हाती घेतला की काही वेळा सगळे जग जागच्या जागी थांबते. शेकडो यंत्रांचा कारखाना उभारला असेल तर जगाचा ठोका, जो सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी पडायला हवा, तो चुकू लागतो. हा ठोका प्रामुख्याने एका थ्रेडवर पडतो आणि ग्राफिक्स कार्डाला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे संगणक नव्हता, पण मॉडवाल्यांची नाडी त्याला अचूक सापडली होती.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवरची साठवण, हिच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर आलात तर फरक डोळ्यांना दिसतो. साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीचा सेकंदाला सुमारे ५५० एमबीचा वेग सोडून ७००० एमबीच्या एनव्हीएमई या नव्या जातीवर गेलात तर फरक मुख्यतः पावतीवर दिसतो, कारण तोवर फाइली उलगडण्यात प्रोसेसरच गुंतलेला असतो. सर्वांत वेगवान घ्यावी, हे सांगणे नलगे.

या सगळ्यांतून जे वाचेल ते कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर घालावे, आणि दिव्यांतून जे वाचेल त्यात पॉवर सप्लाय बसवावा. समोरून काचेचे आणि हवेला वाट नसलेले कॅबिनेट उत्तम; आत तापलेला प्रोसेसर आपोआप चाल कमी करतो आणि त्यामुळे दिवे अधिक स्थिर भासतात. शेवटी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत खुपसावी. मी तशी तीन आठवडे ठेवली होती, आणि त्या काळात माझे कार्ड अत्यंत थंड राहिले.

यंत्र असे सिद्ध झाले, की १४४ हर्ट्‌झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणारा) मॉनिटर चालू करावा आणि नवा खेळ मांडावा. स्कायरिमची सुरुवात घोडागाडीत होते. हात बांधलेले आपण, समोर आणखी दोघेतिघे कैदी, डोंगरातली वाट आणि वधस्तंभाकडे संथपणे निघालेली गाडी. गाडीच्या हेलकाव्यांचा हिशेब गेममधले भौतिकशास्त्र करते, आणि तो हिशेब ६० फ्रेम गृहीत धरून बांधलेला आहे. आपले यंत्र आता त्याच्या दुपटीहून अधिक फ्रेम देत असल्याने गाडी आधी थरथरते, मग वाटेवरच्या दगडाला लागून उधळते आणि कैद्यांसकट हवेत गिरक्या घेऊ लागते. घोडेही तिच्याबरोबर पाइनच्या शेंड्यांवरून निघून जाते. यावर उपाय दोन. पहिला, एवढ्या यंत्राला लगाम घालून ते ६० फ्रेमवर आणून ठेवायचे. तो आपण ऐकलाच नाही असे समजावे. दुसरा उपाय म्हणजे हा हिशेब फ्रेमच्या चालीप्रमाणे जुळवून घेणारा एक छोटासा मॉड. तो उतरवायला लगेच जावे. त्याच्या अगदी शेजारी, पानापानावर दव दिसणाऱ्या झाडांचा एक नवा संच आलेला असेल. ८के.