‘चार स्क्रूंचं काम’ आणि वडिलांचं जनता

एक मेसेज माझ्याकडे आतापर्यंत चार ग्रुपांवरून आलाय, त्यातला एक आमच्या भावकीचा. मजकूर थोडक्यात असा : आजोबांचं चावीचं घड्याळ कपाटात बंद पडलंय? घड्याळजीकडे जाऊ नका, ते लुटतात. आत फक्त चार स्क्रू असतात. झाकण सुरीने उचका, मशीन पेट्रोलमध्ये नाहीतर स्पिरिटमध्ये बुडवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. नाहीच जमलं तर जवळच्या मोबाइलवाल्याकडे द्या, त्याच्याकडे सगळी हत्यारं असतात. घड्याळ लगेच चालू होईल.

शेवटचं वाक्य खरं आहे, आणि घोळ तिथेच आहे. घड्याळ चालू होतं. माझंही झालं होतं. माझं म्हणजे वडिलांचं, एचएमटीचं, डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं. वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे घरात वेळेला देवापेक्षा थोडाच कमी मान. ओळखीच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने ते तासाभरात टिकटिकतं करून दिलं, पैसेही घेतले नाहीत. साडेतीन महिन्यांनी जे थांबलं ते थांबलंच.

आता चार स्क्रूंचं बघू. झाकण काढल्यावर वरून चार-सहा स्क्रू दिसतात हे बरोबर. पण साध्यातल्या साध्या चावीच्या मशीनमध्ये लहानमोठे शंभरावर भाग असतात, आणि त्या स्क्रूंतही सगळे सारखे नसतात. बऱ्याच घड्याळांत चावीच्या चाकाचा एक स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. माहीत नसलेला माणूस तो सोडवायला म्हणून आणखी आवळतो आणि डोकं तुटून हातात येतं.

खरा धोका मात्र स्क्रूत नाही, स्प्रिंगमध्ये आहे. चावी दिली की डबीतली मुख्य स्प्रिंग आवळली जाते. तिचा जोर मोकाट सुटू न देता एकेक दात पुढे सोडायचं काम एक छोटा फाटा करतो, पॅलेट म्हणतात त्याला. जनतामध्ये हे सेकंदाला पाच वेळा चालतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. घड्याळजी मशीन उघडलं की आधी हा जोर उतरवतो. चावी दोन बोटांत धरायची, कुत्रा (चावीचं चाक उलटं फिरू न देणारी छोटी खिटी) टोकाने हळूच बाजूला करायचा आणि चावी बोटांतून सावकाश उलटी फिरू द्यायची. अर्ध्या मिनिटाचं काम. हे न करता पॅलेट काढला, तर अडवणारं कुणी उरत नाही आणि सगळी चाकं एकदम भन्नाट सुटतात. त्या दिवशी मोबाइलवाल्याच्या दुकानात मी ‘खर्रर्र’ असा आवाज ऐकला होता. मला वाटलं, वा, मोकळं झालं!

ते मोकळं झालेलं पुढे भुसावळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी दाखवलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मशीन उलटंपालटं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, “उघडायच्या आधी पॉवर उतरवली होती का रे भो?” मी गप्प. मग भिंग माझ्या डोळ्याला लावलं. एका चाकाच्या आसाचं टोक नव्हतंच. ही टोकं केसाएवढी बारीक असतात. त्यांचं म्हणणं, ते त्या दिवशी वाकलं असणार, आणि वाकडं टोक माणकात, म्हणजे ते ज्या भोकाच्या खड्यात फिरतं त्यात, घासत घासत शेवटी तुटलं. शेजारच्या पट्टीवर तपकिरी डाग होता. नीट बघितलं तर त्यात रेषा होत्या, अंगठ्याच्या. मे महिन्यातला जळगावचा घाम, त्यातलं मीठ, आणि उघड्या हाताने धरलेली पट्टी. ठसा गंजून तिथेच कायम बसलाय. डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं, पण ते बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, टोकं धक्क्यापासून वाचवायला. आपल्या हातापासून नाही.

पेट्रोलचा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. जुने घड्याळजी पेट्रोल वापरायचे, पण सगळं सुटं करून. अख्खं मशीन बुडवलं तर घाण निघत नाही, जागा बदलते. बाहेरची माणकांच्या भोकांत जाऊन बसते, आणि स्प्रिंगच्या डबीतलं ग्रीस धुऊन निघतं. घड्याळ चालू होतं ते यामुळेच : चिकटलेलं जुनं तेल विरघळतं, चाकं कोरडी फिरायला लागतात. कोरडी फिरतात म्हणजे झिजतात. स्पिरिटचं तर वेगळंच. पॅलेटला दोन टोकांवर जे इवलेसे खडे असतात, ते लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख स्पिरिटात विरघळते. मोबाइलवाला बोर्ड पुसायला जी आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोलची) बाटली ठेवतो तिचंही तेच. बोर्डासाठी उत्तम, पण पॅलेट त्यात भिजत घातला तर खडे ढिले.

तेलाचं लवकर आटोपतो. घड्याळात जागा बघून तेल : चाकांच्या टोकांना पातळ, स्प्रिंगला जाड ग्रीस, पॅलेटच्या आसाला तर काहीच नाही. आणि थेंब म्हणजे सुईच्या टोकावर मावेल तेवढा. जास्त झालं तर ते आपल्या जागी न राहता पसरतं. आपल्याकडे ओव्हरहॉलिंगला सर्रास ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, आणि काही जण ते शब्दशः करतात.

“मोबाइलवाल्याकडे सगळी हत्यारं असतात.” असतात ना! हातही थरथरत नाही, मायक्रोस्कोपखाली तो जे सोल्डरिंग करतो ते मला सात जन्मांत जमणार नाही. पण त्याचे स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम चुंबकीय असतात, बारीक स्क्रू उचलता यावेत म्हणून. स्क्रू ठेवायचा मॅटही चुंबकाचा. घड्याळाच्या बॅलन्सवर केसासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिला चुंबक लागलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. तेल लागलं तरी हेच होतं. मग पुढचा सल्ला येतो, की मशीनमधला वेग कमीजास्त करायचा काटा ‘मायनस’कडे सरकवा. म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर हलवायचा!

त्याच मेसेजच्या एका नव्या अवतारात डायल आणि काट्यांवरचं काळं पडलेलं ‘रेडियम’ खरवडून काढायचा सल्ला आहे. आपण गाडीच्या स्टिकरलाही रेडियम म्हणतो, ते सोडा. पण १९६० च्या आधीच्या बऱ्याच परदेशी घड्याळांत खरंच रेडियम असायचं. चमक गेली तरी ते गेलेलं नसतं, त्याचं अर्धआयुष्य १,६०० वर्षांचं. तसं घड्याळ असेल तर खरवडू नका, ती भुकटी श्वासात जाते.

राहिलं लुटण्याचं. काही लुटतात, नाही कसं. धुतलं म्हणून सांगून फक्त फुंकर मारून देणारे मलाही भेटलेत. पण पार्ट मिळत नाही असं घड्याळजी सांगतो तेव्हा तो दरवेळी थापा मारत नसतो. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता चाक मोडलं तर दुसऱ्या जनताच्या पोटातून काढावं लागतं. एक वाचवायला एक मारायचं.

माझ्यासाठी तसं एक मेलेलं जनता त्या घड्याळजींनी डब्यातून शोधलं आणि चाक बदललं. उरलेलं मशीन मी मागून घेतलं आणि त्या मोबाइलवाल्या पोराला नेऊन दिलं. त्याला राग आला नाही. मेलेल्या मशीनवर आता तो पॉवर उतरवायला शिकतोय. पहिल्याच आठवड्यात कुत्र्याची स्प्रिंग उडाली आणि दोघं मिळून टॉर्च लावून दुकानाची फरशी शोधत बसलो. सापडली नाही अजून.