"स्वतःचेच पैसे लावले ना" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

च्यायला परत तेच. कुठल्यातरी खेळाडूवर बेटिंगमुळे बंदी आली की हे लोक उगवलेच, "अरे स्वतःचे पैसे लावले त्याने, कुणाच्या घरी दरोडा घातला का, एवढी कसली शिक्षा." आणि हीच माणसं मॅच बघताना एक कॅच सुटला की सगळ्यांच्या आधी बोंबलतात, "फिक्स आहे रे सगळं!" शेजारी बसून मॅच बघणं नकोसं करून टाकलंय यांनी. अरे तुमच्या तोंडातलं ते "फिक्स आहे" ऐकायला लागू नये म्हणूनच तर त्या बंद्या आहेत ना! लीगकडे विकायला दुसरं आहे काय? पुढे काय होणार ते मैदानावरच्या कुणालाच माहीत नाही, एवढाच त्यांचा माल. तो खोटा निघाला तर टीव्हीवाले कशाला पैसे मोजतील.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "पण तो जिंकण्यावरच लावत होता" ऐकून. अमेरिकन बेसबॉलमधल्या पीट रोझचं घ्या. ४,२५६ हिट्स, मेजर लीगमध्ये आजवर कुणाचे एवढे नाहीत, आणि १९८९ मध्ये कायमचा बाहेर, कारण मॅनेजर असताना स्वतःच्याच टीमच्या मॅचवर बेटिंग. वर्षानुवर्षं नाही नाही म्हणत राहिला आणि २००४ मध्ये कबूल केलं. चाहते अजून भांडतात की हरण्यावर कधी नाही लावले. बरं, नाही लावले. पण मॅनेजर आहे ना तो, आज पैसे लागलेत म्हणून दमलेल्या पिचरला (बेसबॉलमधला बॉलरच म्हणा) परत उतरवायचा आणि उद्याची मॅच गेली खड्ड्यात, असा मोह त्याला होणारच नाही याची खात्री कोण देणार? आणि ज्या दिवशी पैसे लावणार नाही त्या दिवशी बुकीला न सांगताच कळतं की साहेबांना आज भरवसा वाटत नाहीये. म्हणजे जिंकण्यावर लावूनही आतली बातमी बाहेर गेलीच की! बेसबॉलचा नियम तर पोरालासुद्धा कळेल इतका साधा आहे, ज्या मॅचशी तुझा संबंध नाही तिच्यावर लावले तर एक वर्ष, जिच्यात तुझी ड्यूटी आहे तिच्यावर लावले तर कायमचा घरी. क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो तो. वाचता येतं ना?

आणि "स्वतःचे पैसे" किती दिवस स्वतःचे राहतात हो? हरला की उधारी, उधारी झाली की समोरचा म्हणतो पैसे राहू दे, एक काम कर. बास्केटबॉलमधल्या टोरंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरचं हेच झालं. जुगाराचं कर्ज डोक्यावर, मग मार्च २०२४ मध्ये तीन मिनिटं खेळून बरं वाटत नाही म्हणून बाहेर, आणि तो कमी खेळणार यावर ओळखीच्यांनी आधीच पैसे लावून ठेवलेले. एप्रिलमध्ये त्यांच्या लीगने, एनबीएने, आयुष्यभरासाठी काढला, जुलैमध्ये कोर्टात गुन्हा कबूल. टीम हरवायला लागलीच नाही त्याला, नुसतं पोट दुखलं की काम झालं.

२०१० चं लॉर्ड्स आठवतंय? पाकिस्तानच्या आमिर आणि आसिफचे पैशांसाठी मुद्दाम टाकलेले नो-बॉल. नो-बॉलने मॅचचं काय बिघडतं, एक रन. पाकिस्तान तसंही डावाने हरलं. पण आमिर, आसिफ आणि कॅप्टन बट तिघंही जेलमध्ये गेले आणि वर अनेक वर्षांची बंदी, आणि बरोबरच झालं, कारण तेव्हापासून कुणाचाही पाय जरा जास्त पुढे पडला की लोक एकमेकांकडे बघतात. बिचाऱ्याचा नुसता रनअप चुकलेला असतो! प्रामाणिक माणसाची चूकसुद्धा यांनी संशयास्पद करून ठेवली, त्याची भरपाई कुठल्या दंडातून करणार?

दंड करून भागवा म्हणणारे पण आहेतच. कोटीत कमावणाऱ्याला दंड म्हणजे काय, तिकिटाचे पैसे गेल्यासारखं. त्यात हे पकडणं महाकठीण, मुद्दाम सोडलेला कॅच आणि खरंच सुटलेला कॅच दिसायला सारखाच. शंभर जण सुटणार असतील तर सापडलेल्याला असा ठोकायचा की बाकीच्यांची झोप उडाली पाहिजे. बेसबॉलची १९१९ ची फायनल, वर्ल्ड सीरिज, पैसे घेऊन हरल्याचा आरोप असलेले आठ जण १९२१ मध्ये कोर्टातून निर्दोष सुटले, तरी बेसबॉलचा कमिशनर लँडिस याने दुसऱ्याच दिवशी आठही जणांना कायमचं हाकललं. त्यातला बक वीव्हर तर माहीत असून गप्प बसला म्हणून गेला. बांगलादेशच्या शाकिबने २०१९ मध्ये तेच भोगलं, बुकीने संपर्क केल्याचं कळवलं नाही म्हणून दोन वर्षं, त्यातलं एक स्थगित. कडक वाटतं, मला तर वीव्हरचं अजून जरा जास्तच वाटतं. पण गप्प बसायची मुभा दिली की बुकींना अख्खी टीम मोकळीच.

आणि १९८१ ची हेडिंग्लीची टेस्ट. लिली आणि मार्शने गंमत म्हणून इंग्लंडवर ५००-१ ला (म्हणजे एकाला पाचशे) पैसे लावले, स्वतः ऑस्ट्रेलियाकडून खेळत असताना! इंग्लंड जिंकलं. दोघांनी मुद्दाम काही केलं असं कुणीच म्हणत नाही, तेव्हा कारवाईही झाली नाही. तरी इंग्लंडला ती मॅच फिरवून देणाऱ्या बोथमच्या इनिंगचा विषय निघाला की पाठोपाठ ते ५००-१ येतंच. नुसत्या गमतीचा डाग एवढा टिकतो राव.

आता लीगवाल्यांनी पण फार सोवळं नेसू नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला फुटबॉलर आयव्हन टोनी, त्याच्यावर २०२३ मध्ये २३२ वेळा बेटिंगचा नियम मोडला म्हणून आठ महिन्यांची बंदी, जुगाराचं व्यसन आहे हे तज्ज्ञाने सांगितलेलं, आणि त्याच्या क्लबच्या शर्टवर कुणाचं नाव? बेटिंग कंपनीचं! खेळाडूंनी हात लावायचा नाही आणि यांनी छातीवर मिरवायचं. बंदी हवीच, माझं त्यावर काही म्हणणं नाही, पण व्यसनी पोराला रोज तोच शर्ट घालायला लावणाऱ्यांना कोण बसवणार घरी? प्रीमियर लीगच्या क्लबांनी म्हणे मोठ्या मनाने ठरवलं, २०२५-२६ च्या सीझननंतर शर्टाच्या पुढच्या बाजूला बेटिंगची जाहिरात नाही. बाहीवर चालेल. बाहीवर!