बाजाराच्या दिवशी एक तास गाणं

शास्त्रीय गाणं समोर बसून ऐकायचं असेल तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागातल्या माणसाला नागपूर नाही तर अमरावती गाठावी लागते. कार्यक्रम रात्रीचा. तो संपेपर्यंत परतीची शेवटची एसटी गेलेली असते, आणि मुक्कामाला नातेवाईक नसला की बेतच रद्द. वर्षातून एखादा संगीत महोत्सव तालुक्याला होतो, पण त्यात पुढच्या रांगा पाहुण्यांच्या आणि अर्धा वेळ सत्काराचा. म्हणून मला मनापासून वाटतं की गावात गाणं रुजवायचं असेल तर महोत्सवाच्या मागे लागू नये. दर आठवड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी, देवळाच्या सभामंडपात फक्त एक तास गाणं व्हावं. ऐकायला येणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नये.

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स नावाचं चर्च आहे, १७२६ साली बांधून पूर्ण झालेलं. आजूबाजूला ऑफिसं, दुकानं, बसगाड्यांची वर्दळ. तिथे कामाच्या दिवशी, ऐन जेवणाच्या सुट्टीत, पियानो, व्हायोलिन, गायन असे छोटे कार्यक्रम करण्याची जुनी परंपरा आहे. तिकीट नसायचं, जाताना वाटलं तर पेटीत पैसे टाकायचे. माझी भाची शिकायला तिकडे होती, ती दुपारी डबा खाऊन तिथे जाऊन बसायची. ती सांगायची, शेजारी कोण बसेल याचा नेम नाही. कोटातला साहेब असतो, पाठीवर पिशवी घेतलेला प्रवासी असतो, नुसता पावसापासून आडोशाला आलेला माणूसही असतो. कोणी कोणाला धर्म विचारत नाही की संगीतातलं काय कळतं तेही विचारत नाही. वाजवणारी पुष्कळ मुलं संगीताच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली असतात, त्यांनाही श्रोते मिळतात.

त्याच चौकात नॅशनल गॅलरी आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, तिथली चित्रं सुरक्षित जागी हलवली, भिंती रिकाम्या झाल्या, संध्याकाळचे कार्यक्रम दिवेबंदीमुळे बंद पडले. तेव्हा मायरा हेस या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या इमारतीत दुपारच्या मैफली सुरू केल्या. सोमवार ते शुक्रवार, तिकीट एक शिलिंग. बॉम्ब पडू लागले तेव्हा तळघरात बसून वाजवलं, पण खंड पडू दिला नाही. १९४६ पर्यंत सुमारे १,७०० मैफली झाल्या. पुढे १९७७ पासून शिकागोत त्यांच्याच नावाने दर बुधवारी दुपारी विनामूल्य मैफली सुरू झाल्या. युद्ध चालू असताना माणसं कामाच्या मधल्या वेळात गाणं ऐकायला येत होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे तर सगळं सुरळीत असूनही गाणं म्हणजे सवडीने करायची चैन समजतात.

आता बाजाराचा दिवसच का, ते सांगते. आमच्याकडे मजुरीचे पैसे बाजाराच्या आधी हातात पडतात आणि त्या दिवशी शेतातलं काम बंद असतं. आजूबाजूच्या खेड्यांतून बाया सकाळी येतात, तिखट-मीठ, भाजी, पोरांचे कपडे घेतात, आणि दुपारी दोन-अडीचला त्यांचा बाजार उरकतो. गावी परतणारी गाडी साडेचारला. मधला वेळ त्या कुठे काढतात? स्टँडवरच्या सिमेंटच्या ओट्यावर, उन्हात, पिशव्या सांभाळत. देऊळ तिथून पाच मिनिटांवर. मंडपात सावली, सतरंजी, पाण्याचा माठ, पंखा, सगळं तयार.

मी गावात गाण्याचा वर्ग घेते. परीक्षा जवळ आल्या की मुलींना सरावासाठी विठ्ठलाच्या देवळात बसवते, कारण घरात एवढी जागा नाही. एका बाजाराच्या दिवशी भीमपलास राग चालला होता, आणि पिशव्या घेऊन दोन बाया खांबाशी येऊन बसल्या. मग आणखी आल्या. मुलींचा ख्याल संपल्यावर त्यातली एक मला म्हणाली, ‘बाई, हे त आमच्या भजनातल्यावानी वाटून रायलं.’ बरोबर ओळखलं होतं तिने. हरिपाठ झाल्यावर त्यांच्या गावात जे अभंग म्हणतात त्यातल्या एकाची चाल भीमपलासातलीच आहे. ज्यांना काही कळत नाही असं आपण धरून चालतो, त्यांच्या कानात हा राग आधीच मुरलेला आहे. त्यांच्यापर्यंत कोणी तंबोरा घेऊन गेलेलंच नाही.

दुपारच्या वेळेचा आणखी एक फायदा आहे, आणि संगीत शिकवणारी म्हणून मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. वृंदावनी सारंग, भीमपलास, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग. मोठ्या मैफली रात्री होतात म्हणून ते समोर बसून ऐकायला फार कमी मिळतात. माझ्या विद्यार्थिनी मुलतानी परीक्षेसाठी शिकतात, आरोह-अवरोह पाठ करतात, पण तीन वाजता उतरत्या उन्हात मुलतानी कसा लागतो ते त्यांनी अनुभवलेलंच नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि दरबारातलं गाणं सामान्य माणसाच्या पोरांना शिकता येऊ लागलं. त्यामुळे आज खेड्यातली मुलगीही विशारदपर्यंत जाते. शिकण्याची सोय झाली, ऐकण्याची मात्र राहून गेली.

हे आपल्या मातीतलं नाही, असं मला एका सरपंचांनी सांगितलं. मला ते अजिबात पटत नाही. गायक वसंतराव देशपांडे १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले. आमच्या दारव्ह्याची शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी मूर्तिजापूरलाच जायची. नागपुरात शंकरराव सप्रेंकडे ते शिकले आणि लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरी करत गायले. आणि ठरलेल्या वेळी एकत्र बसायची सवय तर आपल्याला तुकडोजी महाराजांनी लावून दिली आहे. सामुदायिक प्रार्थना कितीतरी गावांत अजून रोज संध्याकाळी होते. निमंत्रण नाही, पत्रिका नाही, वेळ झाली की माणसं येऊन बसतात.

फक्त देवळाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सगळ्यांची पावलं देवळाकडे सहज वळतात असं नाही. आमच्याच गावातली बौद्ध घरं, मुसलमान घरं मंडपात येऊन मोकळी बसतील का? दार उघडं ठेवणं एवढ्याने भागत नाही. म्हणून जागा फिरती ठेवावी. एका बाजाराला देऊळ, पुढच्या बाजाराला विहार, कधी जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, कधी दर्ग्याचा ओटा. ज्या घराण्यांची गायकी आम्ही शिकवतो त्यातली कितीतरी उस्तादांनी उभी केली. त्यांचं गाणं ऐकताना गावातला एक मोहल्ला बाहेर राहिला तर मला ते सहन होणार नाही.

आणि फुकट ते ऐकणाऱ्याला. गाणाऱ्याला, तबलजीला, पेटीवाल्याला मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं मिळालंच पाहिजे. ‘देवाची सेवा समजा’ असं म्हणून कलाकाराला नुसत्या नारळावर परत पाठवण्याची आपल्याकडची रीत मला लाजिरवाणी वाटते. अमरावती-नागपूरला संगीत घेऊन बी.ए., एम.ए. करणारी किती मुलं आहेत, त्यांना गायला जागा नाही. आकाशवाणीचे मान्यताप्राप्त कलाकार जिल्ह्यात आहेत. गणपतीत एका रात्रीच्या डीजेवर गाव जेवढं उधळतं तेवढ्यात कितीतरी बाजारांचं गाणं निघेल. कृषी केंद्रवाले, अडते, पतसंस्था यांनी एकेक बाजार वाटून घेतला तर कोणावरही भार पडणार नाही. सत्कार, भाषण, दीपप्रज्वलन काही नको. तीनला सूर लावायचा, चारला उठायचं, म्हणजे कोणाची गाडी चुकणार नाही.

सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर सुरुवात करायची आणि ऊन तापायच्या आत, होळीपर्यंत चालवायचं असं माझ्या मनात आहे. पहिले काही बाजार माझ्या मुली गातील. एक चांगला तबलजी हवा आहे, आणि कोणाच्या घरी तंबोऱ्याची जोडी नुसती उभी असेल तर ती हवी आहे. दारव्हा, दिग्रस, नेर, कारंजा भागात ज्यांच्या गावचा मंडप, विहार किंवा शाळा दुपारी मोकळी असते, त्यांनी आपल्या बाजाराचा वार मला कळवा.