खाडी बांधून फुकट वीज मिळत नाही

रत्नागिरीजवळ खाडीकाठी राहणाऱ्या माझ्या मामांनी व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश ग्रामसभेत वाचून दाखवला आणि खाडीच्या मुखाशी बंधारा घालून वीजप्रकल्प मागण्याचा ठराव जवळजवळ झालाच होता. कोकणातल्या प्रत्येक खाडीवर भरतीची वीज निघते, ती चोवीस तास आणि फुकट मिळते, त्यात कोणाचेही नुकसान नाही, फ्रान्स १९६६ पासून हेच करतो आहे आणि कोळसावाल्यांच्या दबावाखाली सरकार ते दडपते, असे त्यात म्हटले आहे.

फ्रान्सचे खरे आहे. ला रान्स नदीच्या मुखावरचे २४० मेगावॉटचे केंद्र त्या वर्षापासून चालू आहे. परंतु तिथे भरती-ओहोटीतली तफावत सरासरी आठ मीटर आहे, आणि रत्नागिरीला ती उधाणातही साधारण तीन मीटरच्या आत राहते. ऊर्जा तफावतीच्या वर्गाच्या (तफावत गुणिले तफावत) प्रमाणात मिळत असल्यामुळे तेवढ्याच आकाराच्या खाडीतून आपल्या हाती सातवा हिस्साही येत नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तर त्याहून कमी. चोवीस तासांचा दावा खाडीकाठच्या माणसाने तरी मान्य करायला नको होता, कारण आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आले की टर्बाइन थांबणारच.

मला खरा राग आहे तो ‘कोणाचेही नुकसान नाही’ या वाक्याचा. ला रान्सचे बांधकाम चालू असताना खाडीचे मुख सुमारे तीन वर्षे बंद होते, आतली जीवसृष्टी जवळपास नाहीशी झाली आणि ती सावरायला दहाएक वर्षे लागली. खारबंदिस्तीची (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, गाळाने बसली की आतल्या पाण्याचे काय होते, हे आमच्या गावाने पाहिलेले आहे. इथे तर अख्खी खाडीच कोंडायची आहे. मामी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या (खायचे शिंपले) काढतात, त्यावर घरातला रोजचा बाजार होतो. त्या चिखलाचा या संदेशात उल्लेखही नाही.

कोळसावाल्यांच्या कटाबद्दल एवढेच सांगतो की ऊर्जाविषयक संसदीय स्थायी समितीचा २०२१ चा अहवाल वाचावा. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवरचा ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प सोडून द्यावा लागला, कारण खर्च मेगावॉटमागे सुमारे ६३.५ कोटी रुपयांवर गेला होता. कच्छच्या आखातातला ५० मेगावॉटचा प्रकल्पही खर्चामुळेच बारगळला. फुकट ते काय?

सरकारी अनास्थेची तक्रार मात्र मला मान्य करावी लागते. भरतीच्या विजेची देशाची सैद्धांतिक क्षमता सुमारे १२,४५५ मेगावॉट धरली जाते, तीही मुख्यतः खंबात आणि कच्छच्या आखातांत, आणि समितीपुढे आलेल्या माहितीनुसार त्यातला एकही मेगावॉट उभा राहिलेला नव्हता. २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा मिळाला, पण नुसत्या दर्जाने प्रकल्प उभे राहत नाहीत.

पुढच्या सभेआधी मामी आणि त्यांच्याबरोबर चिखलात उतरणाऱ्या बायकांना बोलवा, असे मी मामांना सांगितले आहे. पहिल्या सभेला त्यांच्यापैकी एकही नव्हती, कारण त्या वेळी ओहोटी होती.